आजोबांची आगगाडी आणि नातवाचा संगणक
(नभोवाणीवरील भाषण)

कोल्हापूर शहर सोडून पुण्याच्या दिशेनें जाणारा महामार्ग धरला आणि पंचगंगेचा पूल ओलांडला, कीं थोड्याच अंतरावर शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. येथें भट्ट्या पेटलेल्या असतात. वितळलेलें लोखंड वाळूच्या सांच्यांत ओतलें जातें, निवतें, झाडून स्वच्छ केलें जातें, आणि मग यंत्रशाळेंत त्याला नेमका आकार व नेमकें माप प्राप्त होतें. मोटारींच्या, ट्रॅक्टरांच्या आणि पंपांच्या पोटांत जे जड भाग दडलेले असतात, त्यांपैकीं कितीतरी ह्या वसाहतींतून आणि शहराच्या दुसऱ्या अंगाच्या गोकुळ शिरगांवांतून बाहेर पडतात. जेथें वजनाचा हिशेब टनांत चालतो, अशा ठिकाणीं तळहातावर मावणाऱ्या खेळण्यांतील आगगाडीची गोष्ट कोणी काढली, तर श्रोत्यांना तें कांहींसें विपरीत वाटेल. परंतु त्या खेळण्याला आज जी एक शस्त्रक्रिया करण्याची हौस जगभर फैलावली आहे, तिचें वर्म शिरोलीच्या कारागिराला जितक्या लवकर उमगेल, तितक्या लवकर तें क्वचितच दुसऱ्या कोणाला उमगेल.

ही शस्त्रक्रिया म्हणजे जुन्या, विजेवर चालणाऱ्या खेळण्यांतील आगगाडीला संगणकाच्या आज्ञेखालीं आणणें. शिरोलीच्या यंत्रशाळांना ही कल्पना अपरिचित नाहीं. तीस-चाळीस वर्षें राबलेला एखादा लेथ घ्यावा. त्याचा ओतीव लोखंडाचा बेड अद्यापि भक्कम असतो. किंबहुना इतक्या काळांत लोखंडाच्या पोटांतील ताण निवून गेल्यामुळें तो अधिकच स्थिर झालेला असतो. झिजलेले असतात ते त्याचे आटे आणि दांते. कारागीर ते जुने आटे काढून त्यांच्या जागीं बारीक गोळ्यांवर फिरणारा बॉलस्क्रू बसवितो. हातानें फिरविण्याच्या चक्राच्या जागीं सर्व्हो मोटर येते. आणि मापांचे आंकडे वाचून त्या मोटरीला हलविणारी संगणकाची पेटी बाजूस उभी राहते. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेनें आंकड्यांच्या आज्ञेवर चालणारें असें यंत्र १९५२ मध्यें प्रथम लोकांपुढें चालवून दाखविलें. आज तीच विद्या वसाहतींतील लहानशा शेडमध्येंहि नित्याची झाली आहे. जुन्या अंगांत नवी बुद्धि घालण्याचा हा व्यवहार येथें भावनेचा नसून रोजच्या उत्पादनाचा आहे.

आतां श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी, कीं अशाच एका यंत्रशाळेंत काम करणाऱ्या तरुणाच्या घरीं, दिवाळीपूर्वींच्या साफसफाईंत, माळ्यावरची एक पत्र्याची ट्रंक खालीं उतरते. आंत जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले लोखंडी पत्र्याचे रूळ आहेत; हिरव्या रंगाचें एक इंजिन आहे; दोन डबे, एक सांधा, एक सिग्नल, आणि कापडी वेष्टणाच्या तारेचें एक काळें, जड रोहित्र आहे. ही गाडी तरुणाच्या आजोबांची. ते दहा वर्षांचे असतांना त्यांच्या वडिलांनीं ती मुंबईहून आणलेली. आज आजोबांनीं ऐंशी ओलांडली आहे. गाडी पाहून ते फार बोलत नाहींत. इंजिन हातांत घेतात, चाकांवरून अंगठा फिरवितात आणि एवढेंच विचारतात, ‘चालेल कां रे अजून?’ तरुणाच्या मनांत मात्र दुसराच प्रश्न उभा राहतो: ही गाडी खिशांतील मोबाइलवरून चालवितां येईल काय? ह्या दोन प्रश्नांत जें अंतर आहे, तोच आजच्या भाषणाचा विषय होय.

अशा गाड्यांचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी ह्यांच्या मेकॅनो कंपनीनें १९२० मध्यें किल्लीची आगगाडी बाजारांत आणली आणि १९२५ मध्यें विजेची. पुढें १९३८ मध्यें त्याच कंपनीनें ‘डब्लो’ नांवाची लहान आकाराची गाडी काढली. तिच्या रुळांतील अंतर अवघें १६.५ मिलिमीटर, म्हणजे आज कोल्हापूरच्या स्थानकांत जे १६७६ मिलिमीटर रुंदीचे रूळ आहेत, त्यांचा जवळजवळ शंभरावा हिस्सा. दोन रुळांच्या मधोमध तिसरा एक रूळ असे. त्यांतून बारा व्होल्टांचा एकदिश प्रवाह इंजिनास मिळे आणि बाहेरच्या रुळांतून तो परत जाई. १९५९ पासून ह्या गाड्यांना दोनच रूळ पुरूं लागले. जर्मनींतील मेर्कलिन ही १८५९ मध्यें स्थापन झालेली संस्था मात्र मधल्या वाहकाचीच पद्धति पुढें चालवीत राहिली.

कोल्हापूरच्या मुलाला ह्या खेळण्याचें अप्रूप असण्यास विशेष कारण होतें. मिरज ते कोल्हापूर ह्या लोहमार्गाचा प्रारंभ १८८८ मध्यें, शाहू महाराज अद्यापि कुमारवयांत असतां, त्यांच्याच हस्तें झाला आणि १८९१ मध्यें त्यावरून गाड्या धांवूं लागल्या. तो मार्ग मीटरगेजचा होता आणि १९७१ मध्यें तो रुंद झाला. म्हणजे ट्रंकेंतील गाडीचा धनी लहान असतांना स्थानकावर जी गाडी पाहत असे, ती आतां त्या रुळांसकट नाहींशी झाली आहे. त्याच्या बालपणांतील आगगाडीपैकीं जें कांहीं हातीं धरतां येईल असें उरलें आहे, तें ह्या ट्रंकेंत आहे. ही गोष्ट कारागिरानें हातांत पकड घेण्यापूर्वींच ध्यानांत घ्यावी.

जुन्या व्यवस्थेंत गाडी कशी चाले? रोहित्रावर एक मूठ असते. ती फिरविली, कीं रुळांतील व्होल्ट वाढतात आणि इंजिन वेगानें पळूं लागतें. उलट फिरविली, कीं प्रवाहाची दिशा पालटते आणि इंजिन मागें येतें. व्यवस्था अगदीं साधी. पण तिची एक मर्यादा आहे. रुळांवर दोन इंजिनें ठेविलीं, तर दोन्ही एकाच मुठीच्या ताब्यांत जातात. एक थांबवून दुसरें चालवावयाचें, तर रुळांचे निरनिराळे तुकडे करून प्रत्येकास वेगळा खटका द्यावा लागतो. जुन्या व्यवस्थेंत आज्ञा रुळाला होते, इंजिनाला होत नाहीं.

हा क्रम उलटा करण्याची युक्ति १९८० च्या दशकांत परिपक्व झाली. जर्मनींतील लेन्झ ह्या संस्थेनें विकसित केलेली पद्धति पुढें १९९० च्या दशकांत अमेरिकेंतील हौशी लोकांच्या राष्ट्रीय संघटनेनें, जी १९३५ पासून अस्तित्वांत आहे, मानक म्हणून स्वीकारली. ह्या पद्धतींत रुळांत नेहमीं पूर्ण दाबाची वीज खेळत असते. पण ती सरळ नसून क्षणोक्षणीं दिशा बदलणारी असते, आणि तिच्या बदलण्याच्या लयींतच संदेश दडविलेला असतो. सुमारें ५८ मायक्रोसेकंदांचा अर्धा ठेका म्हणजे ‘एक’. १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून लांब ठेका म्हणजे ‘शून्य’. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. अशा एक-शून्यांच्या माळेंत प्रथम इंजिनाचा क्रमांक, मग आज्ञा आणि शेवटीं संदेशांत चूक झाली नाहीं ना हें ताडून पाहणारा आंकडा, असा क्रम असतो. इंजिनाच्या पोटांत बसविलेली नखाएवढी पाटी, जिला डेकोडर म्हणतात, ती सर्व संदेश ऐकते. पण आपला क्रमांक आला तरच हालते. पूर्वीं तारेचा शिपाई प्रत्येक दारावरून जाई, पण तार घेई तो ज्याचें नांव वर असेल तोच. तसाच हा प्रकार. दहा हजारांहून अधिक क्रमांक देण्याची सोय ह्या पद्धतींत आहे आणि वेगाच्या शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. त्यामुळें एकाच रुळावर एक इंजिन स्थानकांत विसांवलेलें, दुसरें चढण चढत असलेलें, असा देखावा संगणकापुढें बसून सहज उभा करतां येतो.

तरुण कारागिराचा पहिला विचार साहजिकच असा होईल, कीं आजोबांच्या इंजिनांतहि अशी पाटी बसवावी. येथेंच त्याला थांबावें लागतें. जुन्या इंजिनाच्या मोटरीचा एक कार्बन ब्रश बहुधा इंजिनाच्या धातूच्या सांगाड्यालाच जोडलेला असतो. सांगाडा हीच त्याची परतीची वाट. डेकोडरला हें मुळींच सोसत नाहीं. मोटरीचीं दोन्ही टोकें रुळांपासून आणि सांगाड्यापासून पूर्णपणें अलग असलीं पाहिजेत. एरवीं पहिल्याच क्षणीं रुळांतील वीज उलट्या वाटेनें पाटींत शिरते आणि ती जळून जाते. तेव्हां ब्रशाचा धारक बदलणें, सांगाड्याला छिद्रें पाडणें, नव्या तारा ओवणें, पाटीला जागा करण्यासाठीं आंतील वजन कोरून काढणें, हें सारें करावें लागतें. शिवाय जुनी मोटर नव्या मोटरीपेक्षां पुष्कळ अधिक प्रवाह ओढते. लहान पाटी तो भार पेलूं शकत नाहीं. मोटर सोडवितांना आणखी एक धोका असतो. त्या काळच्या चुंबकामधून फिरता गाभा बाहेर काढला आणि चुंबकाच्या टोकांमध्यें लोखंडाचा तुकडा ठेवला नाहीं, तर चुंबकाची शक्ति उतरते आणि पुन्हां जोडलेलें इंजिन पूर्वींपेक्षां दुबळें चालतें. ज्याला हें ठाऊक नसतें, तो स्वच्छता करण्याच्या सद्हेतूनेंच इंजिनाचें तेज घालवून बसतो.

ट्रंकेंतील गाडी त्याहून जुनी, म्हणजे १९३९ पूर्वींची असली, तर वेगळीच व्याधि पुढें येते, आणि ती ओतकाम जाणणाऱ्या गांवानें ऐकण्यासारखी आहे. त्या काळच्या अनेक खेळण्यांचीं चाकें आणि सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असत. त्यांत ॲल्युमिनियम शेंकडा सुमारें चार भाग. जस्त अत्यंत शुद्ध असेल तर हा धातु उत्तम टिकतो. परंतु त्यांत शिशाचा अगदीं अल्प अंश मिसळला, तर दमट हवेंत वर्षानुवर्षें धातूच्या कणांच्या सीमांवरून आंतल्या आंत गंज पसरत जातो. भाग प्रथम फुगतो, मग त्याला भेगा पडतात, आणि अखेर तो बोटांत धरतांच चुरा होतो. ह्यावर उपचार नाहीं. नवा भाग करणें एवढाच मार्ग. येथें चांगल्या कारागिराचीहि फसगत होण्याचा संभव असतो. नमुन्यासाठीं त्यानें फुगलेलें चाकच मापलें, तर नवें चाक मुळाहून मोठें होईल आणि गाडी सांध्यावर अडकेल. रोगी भागाचें माप हें रोगाचेंच माप असतें. निरोगी राहिलेलें एखादें चाक शोधावें, रुळांच्या अंतरावरून पडताळा पाहावा, आणि मग लेथवर नवें चाक कातावें. ओतीव लोखंड निवतांना शेंकडा सुमारें एक भाग आकसतें म्हणून पॅटर्न तितका मोठा ठेवण्याचा हिशेब ज्यांच्या हातांत रुजलेला आहे, त्यांना ही सावधगिरी शिकविण्याचें कारण नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळणें उचित होईल. लेथच्या बाबतींत शिरोलीचा कारागीर जुने आटे निःशंकपणें काढून टाकतो. मग आगगाडीच्या बाबतींत त्यानें हात आंखडता कां घ्यावा? उत्तर असें, कीं लेथ हें साधन आहे. त्याची किंमत त्यानें उद्यां काढावयाच्या कामांत आहे. ज्या योगें तें काम अधिक चोख होईल तें तें त्याला करावें. खेळण्यांतील गाडी उद्यां कांहींहि उत्पन्न करणार नाहीं. तिची किंमत तिच्यावर ज्या बोटांचे डाग आहेत त्यांत आहे. एका बाजूचा रंग कोठें खरवडला आणि तो कां खरवडला, हें सांगणारा मनुष्य समोर बसला आहे ह्यांत आहे. लेथचा आटा बदलला तर लेथ सुधारतो. ह्या इंजिनाचें पोट कोरलें तर एक नवें इंजिन मिळतें आणि एक जुनें जातें. विद्या तीच, हत्यारें तींच. पण वस्तूचा धर्म निराळा, म्हणून निर्णय निराळा.

ह्याचा अर्थ गाडी पुन्हां ट्रंकेंत बंद करून ठेवावी असा नव्हे. न चालणारी आगगाडी ही अर्धीच आगगाडी. सुदैवानें दुसरी वाट मोकळी आहे. बुद्धि इंजिनाच्या पोटांत घालण्याऐवजीं ती रुळांच्या बाहेर ठेवतां येते. जुन्या मुठीचें काम काय? रुळांतील विजेचा दाब कमीजास्त करणें. तेंच काम एक लहानसें विद्युन्मंडल करूं शकतें: तें बारा व्होल्टांचा प्रवाह सेकंदांत शेंकडों-हजारों वेळां तोडतें व जोडतें, आणि जोडलेला काळ जितका लांबेल तितकें इंजिन जलद धांवतें. ह्या मंडलाला आज्ञा देण्यासाठीं २००५ मध्यें इटलींत जन्मलेली ‘आर्डुइनो’ नांवाची पाटी किंवा २०१२ मध्यें इंग्लंडांत निघालेला ‘रास्पबेरी पाय’ हा पत्त्याएवढा संगणक पुरेसा होतो. इंजिनाच्या अंगाला हातहि लागत नाहीं. त्याच्या दृष्टीनें पूर्वीं आजोबांची मूठ फिरत असे, तशीच आतां फिरत आहे.

परंतु संगणकाला गाडी कोठें आहे हें कळावें कसें? खऱ्या रेल्वेनें हा प्रश्न फार पूर्वीं सोडविला. रुळांतूनच अल्प प्रवाह खेळवून त्यावर गाडी उभी आहे कीं नाहीं हें ओळखण्याची युक्ति विल्यम रॉबिन्सन ह्यानें १८७२ मध्यें अमेरिकेंत सिद्ध केली. एकेरी मार्गांवर तर त्याहून साधी आणि कडक शिस्त असे: पुढील स्थानकाच्या संमतीनें यंत्रांतून निघालेला गोळा चालकाच्या हातीं पडल्याखेरीज गाडीनें पाऊल टाकावयाचें नाहीं. गोळा एकच, म्हणून मार्गावर गाडीहि एकच. खेळण्यांतील गाडीसाठीं काचेच्या नळींतील लहानसा चुंबकीय खटका रुळाशेजारीं लपवावा आणि डब्याच्या तळाला गव्हाएवढें चुंबक मेणानें चिकटवावें. डबा वरून गेला, कीं खटका मिटतो आणि संगणकाला वर्दी पोंचते. मेण पुढें केव्हांहि खरवडून काढतां येतें. डब्यावर ओरखडाहि उरत नाहीं.

सांध्याच्या बाबतींत मात्र एक सूचना करणें अगत्याचें आहे. जुने विजेचे सांधे दोन वेटोळ्यांनीं ओढले जातात. वेटोळ्याला क्षणभर प्रवाह मिळावा, सांधा हलावा आणि प्रवाह तुटावा, अशी त्याची रचना असते. मनुष्य कळ दाबतो आणि सोडतो. त्याचें बोटच वेटोळ्याचा रक्षक असतें. संगणकाला बोट नाहीं. त्याच्या आज्ञावलींत चूक झाली किंवा तो मध्येंच गोठला, तर प्रवाह चालूच राहतो आणि सत्तर वर्षें टिकलेलें वेटोळें अर्ध्या मिनिटांत धुमसूं लागतें. म्हणून मध्यें एक विद्युत्संचायक ठेवावा. त्यांत सांठलेली वीज एका झटक्यांत वेटोळ्याला मिळते आणि संपते. आज्ञा कितीहि वेळ लांबली तरी आणखी वीज उरलेलीच नसते. आज्ञा चुकली तरी हानि होऊं नये, अशी व्यवस्था यंत्रांतच असावी, हें कारखान्यांतील सुरक्षिततेचें तत्त्व खेळण्यालाहि तितकेंच लागू पडतें.

आणि जेथें जुनें राखण्याचा हट्ट मुळींच धरूं नये अशी एक जागा आहे: तें काळें रोहित्र. त्याच्या तारेचें कापड कुजलेलें असतें, आंतील रबर ठिसूळ होऊन गळलेलें असतें, आणि त्याचें एक टोक भिंतींतील २३० व्होल्टांना भिडावयाचें असतें. तें स्मृतीसाठीं कपाटांत ठेवावें. वीज मात्र नव्या, बंदिस्त, प्रमाणित पुरवठ्यांतून घ्यावी. आठवणीचा मान राखतांना घरांतील मुलांच्या जिवाशीं खेळ होतां कामा नये.

असा उद्योग हा रिकामटेकड्यांचा छंद आहे असें ज्यांना वाटेल, त्यांनीं दोन स्थळें ध्यानांत घ्यावींत. पहिलें स्थळ सातासमुद्रांपलीकडचें. ज्या मॅसॅच्युसेट्स संस्थेचा उल्लेख वर आला, तेथील विद्यार्थ्यांनीं १९४६ मध्यें छोट्या आगगाड्यांचें एक मंडळ स्थापन केलें. त्यांच्या मेजाच्या पृष्ठभागावर डोंगर, गांवें आणि गाड्या असत. पण कांहीं मुलांचें चित्त पृष्ठभागाखालीं गुंतलेलें असे. टेलिफोन खात्यांतील जुनीं स्वयंचलित रिलेयंत्रें जोडून त्यांनीं गाड्यांची नियंत्रणव्यवस्था उभारली. त्याच मंडळींतील अनेकजण पुढें संस्थेंतील आरंभींच्या संगणकांकडे वळले, आणि ‘हॅकर’ हा शब्द संगणकाच्या जगांत रूढ होण्यास त्यांचीच बोली बव्हंशीं कारण झाली. दुसरें स्थळ घराजवळचें. पुण्यास कोथरूडमध्यें भाऊसाहेब जोशी ह्यांनीं आयुष्यभराच्या हौसेंतून उभारलेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठीं खुलें आहे. तेथें एका छोट्या नगरींत गाड्या धांवतात, सिग्नल पडतात, रात्र होते आणि दिवे लागतात. आणि हा खेळ पाहण्यास येणाऱ्या मुलांच्या मागें उभे असलेले त्यांचे वडीलच पुष्कळदां अधिक रंगलेले दिसतात.

कोल्हापूरलाहि ही परंपरा परकी नाहीं. बाबूराव पेंटर ह्यांनीं विलायती कॅमेऱ्याची वाट पाहत न बसतां, विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्यानें, १९१८ च्या सुमारास ह्याच शहरांत चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच तयार केला, आणि १९२० मधील ‘सैरंध्री’ हा बोलपट नव्हे, मूकपट, येथेंच निर्माण झाला. परक्या यंत्राचें अंतरंग जाणून घेऊन तें आपल्या हातांनीं पुन्हां उभें करण्याची ही वृत्ति पुढें उद्यमनगरच्या शेडमध्यें आणि तेथून शिरोलीच्या वसाहतींत आली. यंत्र उघडण्याचें धैर्य येथें पूर्वापार आहे. जुनें खेळणें कारागिराकडून त्याहून वेगळा असा एक गुण मागतें: जें उघडतां येतें तें सर्वच उघडावयाचें नसतें, हें समजण्याचा.

म्हणून ज्याला हें काम करावयाचें असेल, त्यानें तीन बंधनें स्वतःवर घालून घ्यावींत. मूळ वस्तूला छिद्र पाडूं नये, तिचा कोणताहि भाग कापूं नये. जें काढावें लागेल तें चिठ्ठी बांधून त्याच ट्रंकेंत ठेवावें. आणि जें नवें जोडलें त्याचा आराखडा कागदावर काढून तोहि तेथेंच ठेवावा. कारण संगणकाचें आयुष्य आगगाडीपेक्षां फार थोडें असतें. आजची पाटी दहा-पंधरा वर्षांत जुनाट होईल, तिची भाषा जाणणारे विरळ होतील. गाडी मात्र तशीच राहील, आणि पणतूला काय काढावें व काय ठेवावें हें त्या कागदावरून कळेल.

अशा रीतीनें शिरोलीच्या त्या घरांतील काम पुरें झालें असें समजावें. दिवाणखान्यांत जमिनीवर रुळांचें वर्तुळ मांडलें आहे. तरुणानें मेजाखालीं संगणक बसविला आहे. पण पेटीच्या दर्शनी बाजूला त्यानें एक दुहेरी खटका ठेवला आहे. खटका उजवीकडे केला, तर गाडी आपोआप स्थानकांत शिरते, सिग्नल पाहून थांबते, ठरलेला वेळ विसांवते आणि निघते. धाकटी मुलें टाळ्या पिटतात. खटका डावीकडे केला, तर संगणक मध्यें येत नाहीं. नव्या पुरवठ्याला जोडलेली ती जुनी मूठच गाडी हांकते. आजोबा प्रथम संगणकाचा खेळ कौतुकानें पाहतात. मग ते हात पुढें करतात आणि खटका डावीकडे सारतात. हात कांपतो, म्हणून गाडीहि किंचित् हेलकावत निघते. वळणावर ती थोडी जास्तच वेगानें जाते आणि मुलें ओरडतात. आजोबा मूठ मागें घेतात. सत्तर वर्षांपूर्वीं ह्याच वळणावर गाडी उलटून तिच्या डाव्या अंगाचा रंग कसा गेला, तें ते आतां नातवाला सांगूं लागतात.